ताटलीत पेशी मेल्या, म्हणून शेक पुढे ढकलायचा का?

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा आहे. त्यांची आई ५४ वर्षांची. पाळी जाऊन पाच वर्षं झाली, तरी गेले सहा महिने अंगावरून लाल जात होतं. तपासणीत पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर निघाला, टप्पा तिसरा 'बी'. डॉक्टरांनी पाच आठवडे बाहेरून शेक (म्हणजे किरणांचा उपचार), त्यासोबत दर आठवड्याला सलाईनमधून सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध आणि शेवटी आतून शेक असं सांगितलंय. पहिली तारीख येत्या सोमवारची. तेवढ्यात शालकाने मोबाईलवर एक शोधनिबंध पाठवला. हळदीतल्या करक्युमिनने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्याचा आलेख त्यात आहे. जवळच्या बाजारगावात एकजण 'शुद्ध करक्युमिन अर्क' विकतो. तो म्हणतो, दोन महिने हे घ्या, शेकाची गरज पडलीच तर मग बघू.

भाऊंनी चार गोष्टी विचारल्यात. निबंध खोटा आहे का? खरा असेल तर आधी अर्क देऊन बघायला काय हरकत? निदान शेकासोबत तरी द्यावा का? आणि शेवटी, जरा बिचकत: घरच्या भाजीतली हळद बंद करायची का?

भाऊ, आधी सोमवारचं सांगतो. सोमवारी आईला घेऊन जा. बाकीचं वाचायला वेळ लागेल, म्हणून हे वरच लिहितो.

मी डॉक्टर नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. धुळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, आणि २४ वर्षं वनस्पतींचे अर्क पेशींवर घालून बघतोय. शेकाचा डोस किती, सलाईन किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तुमच्या शालकाने पाठवलेला आलेख ज्या प्लेटमधून निघतो, तशा शेकडो प्लेटा माझ्या हाताखालून गेल्यात. त्या आलेखात काय असतं आणि काय नसतं, हे मी सांगू शकतो.

निबंध खोटा नाही. करक्युमिन घातल्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात. मीही मारल्यात, माझ्या विद्यार्थ्यांनीही मारल्यात. त्या कशा मरतात हेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. हा कॅन्सर होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. हे दाखवून दिल्याबद्दल जर्मनीच्या हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. दहातल्या सात रुग्णांमध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार सापडतात. पेशीत शिरल्यावर हा विषाणू ई६ आणि ई७ अशी दोन प्रथिनं तयार करून घेतो. आपल्या पेशीत पी५३ नावाचा एक राखणदार असतो. पेशी बिघडली की तिला थांबवायचं, दुरुस्त होत नसेल तर मरायला लावायचं, हे त्याचं काम. ई६ त्या राखणदाराचीच विल्हेवाट लावतं. ई७ दुसऱ्या राखणदाराला, आरबीला, बांधून ठेवतं. मग वावराला कुंपण राहत नाही, पेशी वाटेल तशी वाढत सुटते.

करक्युमिन पेशींवर घातलं की ई६-ई७ चं उत्पादन घटतं, पी५३ पुन्हा दिसू लागतं आणि पेशी आत्मनाशाच्या वाटेला लागते. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २००६ च्या सुमाराला हे नीट मांडलंय. काम चांगलं आहे, मी वर्गात शिकवतो.

आता या पेशी कोणाच्या, तेही बघा. निबंधात 'हेला' असं नाव असेल. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन बाईच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या घेतल्या. तिला न विचारता. ती बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, वय अवघं ३१. पेशी मात्र अजून वाढताहेत, जगभरात, माझ्या प्रयोगशाळेतही. सत्तर वर्षांहून जास्त काळ प्लास्टिकच्या बाटलीत राहिलेल्या, दर चोवीस तासांत दुप्पट होणाऱ्या या पेशी आहेत. तुमच्या आईच्या गाठीला रक्तवाहिन्या आहेत, आजूबाजूला सुजलेल्या ऊती आहेत, मधल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतोय, आणि ती बाजूच्या भिंतीपर्यंत गेलीय. 'बी' चा अर्थ बहुतेक वेळा तोच असतो. हेला आणि ती गाठ यांचं नातं आहे, पण लांबचं.

आता प्लेट कशी असते ते दाखवतो, कारण तिथेच खरी मेख आहे.

तळहातापेक्षा थोडी मोठी, पारदर्शक प्लास्टिकची, ९६ खळग्यांची. एकेका खळग्यात तुरीचा दाणा बसेल एवढीच जागा. त्यात पाच ते दहा हजार पेशी टाकायच्या, वर दोन-तीन थेंब गुलाबी द्रव. हे पेशींचं अन्न. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं की पेशी तळाला चिकटतात. दुसऱ्या दिवशी औषध घालायचं, वेगवेगळ्या तीव्रतेचं, आणि २४, ४८ किंवा ७२ तास सोडून द्यायचं. मग एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे खडे करते, मेलेली करत नाही. जांभळा रंग यंत्राने मोजला की किती पेशी जगल्या ते निघतं. जांभळं जास्त तर जिवंत जास्त, फिकं तर मेलेल्या. तुमच्या शालकाने पाठवलेल्या आलेखातले खांब म्हणजे हाच जांभळा रंग.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. माझा पहिला हळदीचा अर्क. प्लेट यंत्रात घातली आणि खांब असे कोसळले की मी आनंदाने बाहेर पळालो. सरांनी वही उघडून बघितली आणि एकच विचारलं, "नुसतं डीएमएसओ घातलेले खळगे कुठायत?" करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून घालावं लागतं. ते द्रावक अर्ध्या टक्क्याच्या खालीच ठेवायचं असतं. माझ्या हिशेबात चूक होऊन ते दोन टक्क्यांच्या वर गेलं होतं. पेशी हळदीने मेल्या की डीएमएसओने, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पुन्हा लावली, या वेळी नुसत्या डीएमएसओचे खळगे ठेवून. त्याच खळग्यांत निम्म्याहून जास्त पेशी मेल्या होत्या. पंधरा दिवसांचं काम पाण्यात.

हे एवढ्यासाठी सांगतोय की पेशी मारणं अवघड नाही. मीठ जास्त झालं तरी मरतात. आमच्याकडे तर एकदा मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये मेल्या. दुसऱ्या गावांत वीज गेली की पेशी गारठून मरतात, आमच्या खान्देशात बाहेर ४४ अंश, त्यामुळे आमच्या उकडून मेल्या! म्हणून नुसतं 'पेशी मेल्या' यावर आम्ही लोक उसळत नाही. किती तीव्रतेला मेल्या आणि त्याच तीव्रतेला निरोगी पेशी जगल्या का, हे आधी विचारतो. तुमच्या निबंधात निरोगी पेशींचा खांब आहे का ते बघा. बऱ्याच निबंधांत नसतो.

करक्युमिनचे तर आणखी नखरे आहेत. ते स्वतः गडद पिवळं, प्रकाश पडला की चमकणारं, त्यामुळे रंगावर चालणाऱ्या चाचण्यांना चकवतं. आणि टिकतही नाही. शरीराच्या तापमानाला, साध्या क्षाराच्या द्रावणात त्याचा ९० टक्के भाग अर्ध्या तासात तुटतो. रक्तद्रव असलेल्या माध्यमात थोडं जास्त टिकतं. औषधरसायनाच्या जाणत्यांनी २०१७ मध्ये करक्युमिनवरचं सगळं साहित्य चाळलं. शंभराहून जास्त मानवी चाचण्या झाल्यात, पण दोन्ही बाजूंना, रुग्णाला आणि डॉक्टरांना, अंधारात ठेवून, दुसऱ्या गटाला खोटी गोळी देऊन केलेल्या चाचणीत करक्युमिन जिंकल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना मिळालं नाही. हे वाचून मला वाईट वाटलं होतं. दहा वर्षं त्याच रेणूच्या मागे होतो.

बरं, आता हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या.

प्लेटमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी निम्म्या मारायला करक्युमिन साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (हे तीव्रतेचं माप) लागतं. तेही ४८ तास सतत, एकाच तीव्रतेचं. आता माणसाच्या रक्तात किती पोचतं? तैवानमध्ये २००१ मध्ये २५ जणांवर अभ्यास झाला. त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदल असलेल्या बायकाही होत्या. रोज तोंडाने ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध करक्युमिन दिलं. त्याच्या वर जाता आलं नाही, कारण तेवढी पावडर गिळणंच लोकांना होईना. ८ ग्रॅमवर रक्तातली सर्वोच्च पातळी १.७७ मायक्रोमोलर. तीही घेतल्यावर एक-दोन तासांनी, पुढे उतरत जाणारी. म्हणजे प्लेटमध्ये जेवढं लागतं त्याच्या फार तर पाचवा हिस्सा, आणि तोही तासाभरापुरता.

आता आठ ग्रॅम करक्युमिन म्हणजे किती हळद? चांगल्या हळदीत करक्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास धरा. २६० ग्रॅमच्या वर होते. रोज पाव किलो हळद, आणि तरीही पाचवा हिस्सा. आपल्याकडे केळीच्या फेरपालटीत हळद घेणारे शेतकरी हे वाचून खूश होतील, पण आईच्या पोटाचं काय?

हे असं का होतं? आतड्यातून करक्युमिन फारसं शोषलंच जात नाही. जे जातं ते आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसऱ्या रेणूला जोडून बाहेर टाकायच्या मार्गाला लावतात. प्लेटला ना आतडं, ना यकृत, ना मूत्रपिंड. खळग्यात घातलेलं औषध पळून जाणार कुठे?

मिरीचं तुम्ही विचारलं नाही, पण अर्क विकणारा सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात दोन ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलीग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं तर रक्तातलं करक्युमिन वीसपट वाढल्याचं दिसलं. खरं आहे. पण जवळजवळ शून्याच्या वीसपट म्हणजे किती, हेही बघा. आणि पिपरीन हे करतं कसं, तर औषधं मोडणारी यकृतातली यंत्रणा अडवून. ती यंत्रणा फक्त करक्युमिन मोडत नाही. आईला उलटी थांबायला, दुखायला, साखरेला, रक्तदाबाला ज्या गोळ्या चालू असतील त्यातल्या अनेक तीच मोडते. एक दार अडवलं की सगळ्यांचीच अडवणूक.

बायकांवर थेट गर्भाशयमुखावर लावून बघितलंय का? बघितलंय, आणि ते मला या सगळ्यात सर्वांत शहाणं काम वाटतं. तोंडाने घेऊन पोचत नाही, तर जिथे हवं तिथेच ठेवा. कोलकात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एचपीव्हीची लागण असलेल्या पण कॅन्सर नसलेल्या सुमारे २८० बायका. काहींना हळदीच्या सत्त्वासह इतर वनस्पती असलेलं मलम, काहींना करक्युमिनच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल, काहींना बिनऔषधाचं मलम किंवा कॅप्सूल. मलमाच्या गटात ८७.७ टक्के बायकांमधून विषाणू गेला. करक्युमिनच्या गटात ८१.३. आणि काहीच औषध नसलेल्या गटात? ७३.३ टक्के. एचपीव्हीची लागण बहुतेक बायकांमधून आपोआपच जाते. नुसत्या करक्युमिनचा फरक इतका थोडा होता की तो योगायोगाचाही असू शकतो, असं आकडेवारीने सांगितलं. मलमाचा फरक पक्का होता. पण ही लागण होती, गाठ नव्हती. तुमच्या आईच्या आजाराला हे लागू नाही.

कोणी म्हणेल, हा प्राध्यापक झाडपाल्याच्या विरोधात आहे. मुळीच नाही. उलट या आजारावरची दोन औषधं झाडांतूनच आली, आणि त्यामागे आपल्या नंदुरबारचा माणूस होता.

मनसुख वाणी. जन्म २० फेब्रुवारी १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. १९६२ मध्ये. मग नॉर्थ कॅरोलायनाच्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत आयुष्यभर काम. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५ हजार वनस्पतींचे १ लाख १४ हजार अर्क तपासले. त्यांतून जे मोजके पदार्थ माणसाच्या शिरेपर्यंत पोचले, त्यातले दोन वॉल-वाणी यांच्या हातचे. एक पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल. दुसरं चिनी झाडातलं कॅम्पटोथेसिन.

यूची साल १९६२ मध्ये गोळा झाली. १९६४ मध्ये तिचा अर्क 'केबी' नावाच्या पेशींवर घातला, पेशी मेल्या. आता गंमत ऐका. केबी म्हणजे तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी, असं तेव्हा सगळे समजत. पुढे उघड झालं की जगभरच्या केबीच्या बाटल्यांत हेला पेशी घुसून बसल्यात. वाढायचा वेग इतका की मूळ पेशींना त्यांनी कधीच हुसकावून लावलं होतं. म्हणजे टॅक्सॉलची पहिली खूण ज्या पेशींवर पटली, त्या बहुधा त्याच हेन्रिएटाच्या, गर्भाशयमुखाच्या. तुमच्या शालकाने पाठवलेल्या आलेखातल्याच. त्या प्लेटला मी नावं कशी ठेवू?

पण पुढचं बघा. १२ किलो सालीतून अर्धा ग्रॅम पदार्थ. रचना कळायला १९७१ उजाडलं. तो पेशी मारतो कसा हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये सांगितलं. पेशी दोन व्हायच्या वेळी आत दोऱ्यांसारखी नळ्यांची चौकट उभी राहते आणि काम झालं की मोडते. टॅक्सॉल ती मोडूच देत नाही, पेशी अर्ध्यात अडकते. बाजारात यायला १९९२ संपत आलं होतं, तेही आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. तीस वर्षं.

कॅम्पटोथेसिनचं तर विचारू नका. १९६६ मध्ये सापडलं. पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून १९७० च्या सुमाराला रुग्णांना दिला. रेणूतलं एक कडं त्यात उघडलं, आणि उघडं कडं असलं की औषध जवळजवळ निकामी. लघवीत आम्ल असलं की ते कडं पुन्हा मिटायचं, आणि मूत्राशयात जाऊन औषध जिवंत व्हायचं. रुग्णांना रक्ताची लघवी होऊ लागली, चाचण्या थांबल्या. पंधरा वर्षं ते कपाटात पडून होतं. १९८५ मध्ये ते पेशीतल्या कुठल्या यंत्रावर काम करतं ते कळलं, मग सुधारलेलं रूप आलं, टोपोटेकन. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००६ मध्ये. सापडल्यापासून ४० वर्षांनी. हेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या घाण वासाच्या झाडात भरपूर असतं, म्हणून त्याची चोरटी तोडही भरपूर झाली.

आणि चाळीस वर्षांनी मिळालं काय? आजार परतलेल्या किंवा पसरलेल्या बायकांमध्ये सिस्प्लॅटिनसोबत टोपोटेकन दिलं, तर आयुष्य साधारण साडेसहा महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांच्या आसपास गेलं. (हा आकडा तुमच्या आईचा नाही, घाबरू नका. तिचा आजार वेगळ्या टप्प्यात आहे.) ज्या रेणूच्या मागे नंदुरबारच्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याने तीन महिने दिले. बाजारगावातला माणूस दोन महिन्यांत काय देतोय, ते या मापाने मोजा.

आता तुमच्या आईचा आकडा. तो जवळचाच आहे, मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा. तिसरा 'बी' टप्पा असलेल्या ८५० बायका, निकाल २०१८ मध्ये आला. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या. शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. आईला सांगितलेला उपचार हाच आहे. निम्म्याहून थोडं जास्त. हा आकडा फार मोठा वाटणार नाही, मलाही वाटत नाही, पण तो आपल्याच राज्यातल्या रुग्णालयात, आईसारख्याच बायका पाच वर्षं मोजून काढलाय. दुसऱ्या पारड्यात टाकायला अर्काकडे एकही बाई नाही.

'आधी देऊन बघू' यात हरकत हीच की दोन महिने गेले की टप्पा तिथेच थांबून राहत नाही. गाठ मूत्रपिंडाकडून येणारी नळी दाबते, मूत्रपिंड सुजतं, आणि मूत्रपिंड बिघडलं की सिस्प्लॅटिन देता येत नाही. मग ५४ च्या गटात जायचं दारच बंद. माझी सख्खी मावशी शहाद्याकडची. तिला एकाने पुड्या दिल्या. चार महिने. रक्त जायचं थांबलं होतं, म्हणून घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसला. मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, "माले काय व्हयेल शे? मंग शेक कसाले?" (मला काय झालंय? मग शेक कशाला?) अंगावरचं कधी कधी आपोआपही थांबतं. पुड्यांत काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. पाचव्या महिन्यात पाय सुजले, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे आकडे बघून सलाईनचं नावच काढलं नाही.

तिसरा प्रश्न, शेकासोबत अर्क. माझं मत, नको. प्लेटमध्ये करक्युमिनने शेकाचा परिणाम वाढल्याचे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. पण शेक आणि सिस्प्लॅटिन दोन्ही पेशीत जी जाळपोळ करतात त्यात ऑक्सिजनच्या उग्र रेणूंचा हात असतो, आणि एकाग्र अर्क त्या रेणूंना विझवणाऱ्यांतला आहे. माणसात कुठली बाजू वरचढ ठरेल हे डाव लावून बघायची ही वेळ नाही. शिवाय एकाग्र हळदीच्या गोळ्यांनी, त्यातही मिरी घातलेल्या, काहींच्या यकृताला सूज आल्याचं नोंदलं गेलंय. गुळवेलीबाबतही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तसे रुग्ण मांडले, त्यावर वादही झाला. यकृताचे आकडे बिघडले की डॉक्टरांना सलाईन थांबवावं लागतं. कशामुळे बिघडले ते शोधण्यात आठवडा जातो. आणि आठवडा इथे महाग आहे: बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो.

त्या डब्यात नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसावं. हळदीचा पिवळा रंग खुलवायला लेड क्रोमेट मिसळतात, म्हणजे शिसं. बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉईड सापडल्याचीही उदाहरणं आहेत. स्टेरॉईडने भूक लागते, तरतरी येते, माणूस म्हणतो गुण आला. डबा आधीच घेतला असेल तर फेकू नका, आईला देऊही नका. सोमवारी पिशवीत टाकून डॉक्टरांना दाखवा. किती दिवस, किती चमचे दिलं ते खरं खरं सांगा. ओरडतील, ऐकून घ्या.

सोमवारी आणखी काय विचारायचं: आतला शेक तिथेच मिळणार की दुसऱ्या गावी जावं लागणार? सगळीकडे ते यंत्र नसतं, आणि पाच आठवडे झाल्यावर शोधाशोध सुरू केली की आठ आठवड्यांचं गणित बिघडतं. तारीख आत्ताच मागून ठेवा. हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा, सहा महिने रक्त गेलंय म्हणजे कमी असणारच, रक्त चढवायला लागलं तर नाही म्हणू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक आणि केमो बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. सलाईनच्या दिवशी आईने भरपूर पाणी प्यायचं, किती ते नर्स सांगेल.

तुमच्या घरात बहीण, बायको, वहिनी तिशीच्या पुढच्या असतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच द्रव्य, लावून मिनिटभराने बघतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. टाटाच्याच लोकांनी मुंबईच्या वस्त्यांत ही तपासणी वर्षानुवर्षं केली, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मुली नऊ ते चौदा वर्षांच्या असतील तर एचपीव्हीची लस आहे, पुण्यात बनलेलीही आहे. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो.

राहिला शेवटचा प्रश्न. भाजीत चिमूटभर हळद म्हणजे दिवसाला एखाद-दोन ग्रॅम, त्यात करक्युमिन ३०-६० मिलीग्रॅम. एवढ्याने शेकाला काही होत नाही. शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागतील, तेव्हा शेवभाजी, ठेचा, तिखट भरीत बंद ठेवा. मऊ खिचडी, ताक, केळं द्या; तुमच्या गावात केळ्याला तोटा नाही. खिचडीत हळद घाला. पिवळी खिचडी असली की आई दोन घास जास्त खाईल.